इव्हॅप तयार नाही

मिसफायर: तयार
कॅटॅलिस्ट: तयार
ऑक्सिजन सेन्सर: तयार
इव्हॅप: तयार नाही

सुखदाने स्टिअरिंगखालचा स्कॅनर उपसून काढला, त्यावर फुंकर मारली आणि परत खोचला. फोनच्या पडद्यावर त्याच ओळी आल्या. बाकीच्या हिरव्या, शेवटची लाल.

"कोणीतरी गाडीला हात लावतंय," ती मोठ्याने म्हणाली.

गॅरेजमध्ये तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

*

आधी नोटीस.

कॅनबेरातल्या गुंगालिनच्या दुकानांसमोरच्या पार्किंगमध्ये तपासणी चालली होती. तपासणारा माणूस गाडीच्या मागच्या बाजूला वाकला, हुंगला, परत हुंगला. मग त्याने काचेवर कागद चिकटवला. पेट्रोलच्या वाफेचा वास येतोय. कागदावर लिहिलेल्या शुक्रवारपर्यंत एमिशन टेस्ट पास करा, नाहीतर रेगो, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन, बंद. रेगो बंद म्हणजे गाडी रस्त्यावर आणायची नाही.

आता नोकरी.

सुखदा नाशिकची फिजिओथेरपिस्ट. इथली परीक्षा पास होईपर्यंत ती औषधांच्या गोदामात खोकी उचलत होती. उचलताना पाठ कशी ठेवावी हे बाकीच्यांना सांगत होती, आणि सुपरवायझर तिला सांगत होता की बोलू नकोस, उचल. आता परीक्षा झाली होती. त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारपासून ती पेशंटच्या घरी जाणार होती. यास, मुरुंबेटमन अशी गावं, त्यांच्याही पलीकडे, जिथे बस जात नाही. करारात लिहिलं होतं की गाडी स्वतःची हवी, रेगो चालू हवी. भाड्याची गाडी चालणार नाही. गाडी नसेल तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणार.

आणि गाडी.

पेट्रोलची वाफ होते. ती बाहेर हवेत जाऊ नये म्हणून एका डब्यातल्या कोळशात धरून ठेवायची आणि गाडी चालायला लागली की इंजिनला पाजायची. या सगळ्या व्यवस्थेला इव्हॅप म्हणतात. मिचेल भागातल्या वर्कशॉपमधल्या निकने तो कोळशाचा डबा बदलला, गाडीच्या कॉम्प्युटरची जुनी आठवण पुसली आणि म्हणाला, आता लगेच टेस्ट होणार नाही. आधी गाडीने आपली आपण परीक्षा घ्यायची, मग टेस्टवाले ती झालीय का ते बघणार.

गाडी ती परीक्षा कधी घेते? तिच्या मनासारखं झालं की. टाकी अर्धी हवी. रात्रभर कोणी हात लावलेला नको, इंजिन आतून-बाहेरून गार हवं. पण फार गार नको, पाच डिग्रीच्या खाली गाडी ढिम्म. कॅनबेराच्या जुलैमध्ये, म्हणजे ऐन थंडीत, याचा अर्थ गॅरेजचं दार गच्च बंद आणि दाराच्या फटीला जुनी गोधडी. मग सकाळी एकदाच चालू करायची आणि मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने शांतपणे नेत राहायची.

सुखदा रोज सकाळी हे करत होती. रोज सकाळी शेवटची ओळ लाल.

*

संशय निकवर:

डबा खरंच बदलला का? पुन्हा पुन्हा यायला लावतोय का? हसतो का इतका?

(पण निकने फोनवर सांगितलं, ये कधीही, बघून देतो. पैसे घेत नाही. पैसे का घेत नाही?)

संशय दत्तप्रसादवर:

गाडी त्याच्याकडून घेतली होती. नवऱ्याच्या, हृषिकेशच्या ऑफिसातला, पुण्याचा, गोडबोल्या. दहा वर्षांची गाडी आणि टाकीचं झाकण कोरं करकरीत. झाकण नवीन का? वाफेचा वास आल्याशिवाय कोणी नुसतं झाकण बदलतं का? घासाघीस न करता विकली कशी? घासाघीस न करणारा पुणेकर तिने अजून पाहिला नव्हता.

दत्तप्रसाद, तुला माहीत होतं का
दत्तप्रसाद, रागावू नकोस पण एक विचारायचं
हाय! कसे आहात सगळे? गाडीबद्दल जरा

तिन्ही खोडले. पाठवला नाही एकही.

संशय हृषिकेशवर:

हा नंतर येईल. याला पुरावा लागला.

*

पुरावा मंगळवारी मिळाला.

निकने सांगितलं होतं, रात्रभर उभ्या गाडीचं इंजिनातलं पाणी आणि बाहेरची हवा सारखीच गार असते. दोन आकडे जवळजवळ नसतील तर गाडी समजते की आपण नुकत्याच चालून आलो, आणि परीक्षा टाळते. चालू करायच्या आधी स्कॅनरवर बघ.

तिने किल्ली अर्धीच फिरवली. बघितलं.

हवा: आठ.
इंजिनातलं पाणी: चौतीस.

किलोमीटरचा आकडा कालचाच होता. चारही टायरांवर तिने रात्री तुरीच्या डाळीचा एकेक दाणा ठेवला होता. हो, ठेवला होता. हसायचं तर हसा. चारही दाणे जागेवर.

म्हणजे गाडी कुठेही गेली नव्हती आणि गाडी गरम होती.

तिने बॉनेटवर तळहात ठेवला. तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात, तसा नाही. चोर पकडला की त्याच्या खांद्यावर ठेवतात, तसा.

गोधडी दाराच्या फटीला होती. पण रात्री तिने ती नुसती ढकलून दिली होती, आणि ही घडी घालून ठेवलेली होती.

*

बुधवार. नाश्त्याचं टेबल. हृषिकेश ट्रॅमच्या घाईत, एक हात जॅकेटच्या बाहीत. सासरे, म्हणजे शांताराम, तीन महिन्यांपूर्वी नाशिकहून आलेले, कानटोपी घालून चहात टोस्ट बुडवत बसलेले.

"हृषी, तू गाडीत बसून कोणाशी बोलतोस?"

"काय?"

"गाडीत. हीटर लावून. घरात बोलता येत नाही असं कोण आहे?"

"सुखदा, मला आठला ऑफिसात स्टँडअप मीटिंग आहे."

"इंजिन चौतीस होतं!"

"मग मी काय करू? ताप उतरायची गोळी देऊ त्याला?"

"चेष्टा करू नकोस. माझी नोकरी जाईल. मी तीन वर्षं खोकी उचललीत."

"अगं, मी सहाला उठतोय, तुझ्या शेजारून उठतोय. तू मला लाथ मारून उठवतेस. मी गाडीत कधी जाऊ?"

"ते तू सांग."

"बरं. कॅमेरा लाव. लाव गॅरेजमध्ये कॅमेरा. डाळी कशाला वाया घालवतेस?"

"तुला डाळीचं कसं माहीत?"

"बाबांनी सांगितलं. त्यांना वाटलं उंदरांचं औषध आहे."



सुखदाने मान वळवली. शांताराम टोस्टचा तुकडा चहातून चमच्याने काढत होते. बुडाला होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही गॅरेजमध्ये कधी जाता?"

"पहाटे," ते म्हणाले. "गाडी चालू करायला."

*

(तिने निकला विचारलं होतं. दत्तप्रसादला विचारणार होती. नवऱ्याला विचारलं. शेजारच्या मुलांवर लक्ष ठेवलं. बाबांना मात्र विचारलंच नव्हतं. सकाळी चहा हवा का, एवढंच विचारलं होतं.)

*

"रोज?"

"रोज. दहा मिनिटं. थंडीत गाडी उभी राहिली की बसते. माझी स्कूटर कधी बसली का? हृषीला विचार. रोज किक मारायचो, जायचं असो नसो. शेजारी शिव्या घालायचे, पण दवाखान्यात न्यायला माझ्याच दारात यायचे."

"आणि आवाज? आम्हाला आवाज कसा नाही आला?"

"तुमचं ते हीटिंग सुरू होतं ना पहाटे, छतातून भॉं करून. तेव्हाच करतो. तुमची झोपमोड नको." ते थोडे ताठ झाले. "आणि दार अर्धं उघडतो. धूर कोंडतो हे कळतं मला. नंतर गोधडी परत लावतो, नीट घडी घालून. तू नुसती ढकलतेस."

हृषिकेश जॅकेटची दुसरी बाही विसरून हसायला लागला. सुखदा हसली नाही. तिला एकदम हलकं वाटलं आणि मग त्या हलकेपणात काहीतरी टोचलं.

"पण बाबा, पहिले दोन महिनेही करत होतात?"

"तेव्हा माहीत नव्हतं, इथे बॅटऱ्या जातात म्हणून. दत्तप्रसाद म्हणाला. तळ्यावर फिरायला भेटतो ना तो. म्हणाला, काका, सकाळी थोडा वेळ चालू ठेवत जा, त्या गाडीला सवय आहे."

"त्या गाडीला सवय आहे? असं म्हणाला?"

"असंच काहीतरी."

"असंच, की काहीतरी?"

"सुखदा," हृषिकेश म्हणाला, "बास."

*

— हॅलो, दत्तप्रसाद? सुखदा बोलतेय.

— अरे वा! बोल बोल. काकांचा गुडघा कसा आहे?

— तू बाबांना सांगितलंस का, गाडी रोज चालू करा म्हणून?

— हो, मग! अगं, गेल्या जूनमध्ये माझी बॅटरी भर एअरपोर्टला गेली. मी आता सगळ्यांच्या वडिलांना सांगतो. आमच्याकडे आलेले प्रत्येक काका पहाटे उठून बसलेलेच असतात, त्यांना तेवढंच काम.

— तूही करायचास? रोज?

— करायचो की.

— आणि गाडीचा पिवळा दिवा? कधी लागला होता?

— कुठला?

— इंजिनचा.

— नाही बुवा. आठवत नाही.

— नाही, की आठवत नाही?

— (हसतो.) तू काय पोलिसात लागलीस का? गाडी चोख आहे, यार.

— टाकीचं झाकण नवीन आहे.

— ...

— हॅलो?

— सर्व्हिसवाल्याने बदललं असेल. ऐक ना, ट्रॅम आली. आरामात बोलू, ओके? नो वरीज.

तिने फोन ठेवला. ट्रॅमचा आवाज आला नव्हता. पण ट्रॅमला आवाज असतोच किती?

*

बुधवारी रात्री तिने किल्ली खुंटीवरून काढून उशीखाली ठेवली. शांताराम म्हणाले होते की आता नाही करणार, शब्द दिला. तरी ठेवली.

गुरुवारी सकाळी ते स्वयंपाकघरात शाल पांघरून बसले होते. रिकाम्या खुंटीकडे त्यांनी एकदा बघितलं, मग तिच्याकडे. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

हवा: सात. पाणी: सात.

"मी येऊ का बरोबर?" त्यांनी विचारलं.

आले. यासच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गवत पांढरं होतं, कांगारू कुंपणापाशी घोळके करून बसले होते. सुखदाने काटा ऐंशीवर धरून ठेवला. मागून ट्रक येऊन हॉर्न मारून पुढे गेला.

"इथे शंभर आहे वाटतं," शांताराम म्हणाले.

"हो."

"मग तू ऐंशीने का?"

"तिची परीक्षा चाललीय."

"बरं." थोड्या वेळाने, "तिला विश्वास नाही का स्वतःवर? आपली आपण परीक्षा घ्यायची म्हणजे."

"नसतो बाबा. गाडीला नसतो."

मुरुंबेटमनच्या बेकरीसमोर तिने गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवून फोन उघडला.

इव्हॅप: तयार.

ती ओरडली. शांतारामनी दचकून दाराची मूठ धरली. मग तेही हसले, कानटोपी काढून परत घातली. "झाली ना पास?"

ती उत्तर देणार होती. पडद्यावर खाली आणखी एक ओळ उगवली होती.

नोंद, एकदाच आढळलेली: वाफेची बारीक गळती.

*

निक, गुरुवार दुपार. गाडी वर उचललेली, तो खाली टॉर्च घेऊन. टाकीच्या नळीच्या तोंडाशी रबराची गोल चकती चिरलेली होती. ती बदलली. जुनीच चीर, म्हणाला, खूप जुनी. किती जुनी? त्याने खांदे उडवले. या गाडीने बहुतेक कित्येक दिवसांत परीक्षाच घेतली नसेल.

कोणीतरी रोज पहाटे गरम करत असेल तर नाहीच घेणार, ती मनात म्हणाली. दिवा कधी लागणारच नाही. दिवा लागला नाही म्हणजे खोटंही बोलावं लागत नाही.

"आता ठीक आहे?" तिने विचारलं.

"शुड बी राइट," निक म्हणाला.

"शुड बी?"

तो हसला. मग नीट समजावून सांगितलं. कॉम्प्युटरने गळती एकदाच पाहिलीय. एकदा पाहिलं की नुसतं मनात ठेवतो. दुसऱ्यांदा पाहिलं की पिवळा दिवा लावतो. उद्या सकाळी गार इंजिनने निघशील तेव्हा तो पुन्हा बघेल. चकती नीट बसली असेल तर नोंद आपोआप जाईल. नसेल, किंवा आणखी कुठे चीर असेल, तर टेस्टच्या रस्त्यावरच दिवा लागेल आणि तिथे नापास. आठवण पुसूनही उपयोग नाही. पुसली की 'तयार'सुद्धा पुसलं जातं.

"आणि इंजिन गार नसेल तर?"

निकने हात पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"तर तो बघणारच नाही. तयार ते तयार, दिवा बंद, टेस्ट पास." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "पण तू असं कशाला करशील? मी बदललीय ना चकती."

*

"मग झालं की," हृषिकेश म्हणाला. "बदललीय त्याने. विश्वास ठेव ना जरा."

"कोणावर?"

"निकवर."

"आणि दुसरीकडे चीर असेल तर?"

"तर कळेल. दुरुस्त करू."

"शुक्रवारनंतर? आणि सोमवारी मी पेशंटकडे चालत जाऊ?"

त्याने तिचा फोन तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "त्यांना फोन कर, एक आठवडा मागून बघ."

तिने केला होता. पलीकडची बाई फार गोड बोलली होती. दत्तप्रसादइतकी गोड. म्हणाली होती की समजू शकते, आणि यादीत आणखी एक जण आहे.

*

शुक्रवारी पहाटे छतातलं हीटिंग भॉं करून सुरू झालं तेव्हा सुखदा जागीच होती. ती खाली आली. शांताराम टेबलाशी बसलेले. किल्ली टेबलावर, तिनेच रात्री तिथे ठेवलेली. त्यांनी तिला हात लावलेला नव्हता. पेला मुद्दाम किल्लीपासून लांब ठेवला होता.

"बाबा."

"काय गं?"

"आज चालू करा."

"आज? परवा तर तू—"

"आज करा."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. शांताराम नाशिकच्या शाळेत पर्यवेक्षक होते. पोरांच्या बाहीत काय आहे हे ते बाहीकडे न बघता ओळखायचे, असं हृषिकेश सांगायचा.

"आज तिची टेस्ट आहे ना?"

"हो."

"मग गार हवी ना? तू म्हणालीस."

"ती परीक्षा वेगळी, बाबा. आज ती नकोय."

"अच्छा," ते म्हणाले. मग किल्ली उचलली. "किती वेळ ठेवू?"

"नेहमीसारखी."

ते उठले, शाल सारखी केली. दाराशी थांबून म्हणाले, "दत्तप्रसाद काय म्हणाला होता ते मला नीट आठवत नाही हं. त्या गाडीला सवय आहे म्हणाला, की अशा गाड्यांना. उगाच माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस."

गॅरेजचं दार अर्धं वर सरकल्याचा आवाज आला. ऐकायचं ठरवल्यावर तो चांगला मोठा होता.

*

मिसफायर: तयार
कॅटॅलिस्ट: तयार
ऑक्सिजन सेन्सर: तयार
इव्हॅप: तयार
दिवा: बंद

पास.

टेस्टवाल्याने कागद देताना गाडीच्या मागे जाऊन हुंगलंसुद्धा. "गुड ॲज गोल्ड," म्हणाला. त्याचा अर्थ चकती बसली असा होता, की त्याला सर्दी झाली होती? जुलैमध्ये सगळ्यांनाच असते.

संध्याकाळी हृषिकेश बर्फी घेऊन आला. दत्तप्रसादचा मेसेज आला.

पास ना? म्हटलं होतं ना, गाडी चोख आहे 😄

तुला कसं कळलं
तू पण असंच केलं होतंस ना
झाकण

खोडलं, खोडलं, खोडलं. मग तिने अंगठा पाठवला. तिकडूनही अंगठा आला. दोन अंगठे एकाखाली एक. पोलिसांच्या कागदावर उमटवतात तसे.

*

सोमवार. नवा निळा टी-शर्ट, छातीवर तिचं नाव. मागच्या सीटवर घडीचं टेबल, रबरी पट्टे. पहिला पेशंट मुरुंबेटमनच्या पुढे, खुब्याचं ऑपरेशन झालेला मेंढपाळ.

आज घाई नव्हती, टेस्ट नव्हती. आज गार इंजिनने निघायचं, गाडीला बघू द्यायचं, काय ते एकदाचं कळू द्यायचं, असं तिने रविवारी ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी दिवा लागला असता तरी चाललं असतं, असंही ठरवलं होतं. तिने किल्ली अर्धी फिरवली. सवयीने आकडे बघितले.

पाणी: छत्तीस.

शांताराम आतल्या दारात उभे होते, हातात तिचा डबा.

"केली मी चालू," ते म्हणाले. "तू नको म्हणाली नव्हतीस. म्हटलं, पहिला दिवस आहे, कशाला धोका."

सुखदाने डबा घेतला. तो गरम होता. तिने तो शेजारच्या सीटवर ठेवला, पट्टा लावला. इंजिन चालू केलं तसे समोरच्या पॅनेलवरचे दिवे एकेक करून विझले. पिवळाही विझला, तो विझणारच होता.

"उद्यापासून करू की नको?" त्यांनी विचारलं. "सांग तसं. तू सांगशील तसं करीन."

तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. आरशात बघितलं, मागचं गॅरेजचं दार पूर्ण वर गेलं का ते.

"तुमचा व्हिसा ऑक्टोबरपर्यंत आहे ना, बाबा?"

"हो. शेवटच्या आठवड्यापर्यंत."

"मग तोवर करत जा," ती म्हणाली आणि गाडी मागे घेतली.